राजीनामा कोणाचा?

पेडणे तालुक्यातील तुये गावी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि दरमहा ठरलेल्या पगाराची आशा पंचक्रोशीतील घरांत शिरली. अशा गावी नोकरी सोडणे ही साधी गोष्ट नसते. एका फाटकातून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या फाटकाशी जातो, तेव्हा 'तेथून का निघाला?' हा प्रश्न त्याच्याआधीच तेथे पोचलेला असतो. म्हणून कोणी राजीनामा लिहून दिला, तर तो खरोखर त्याचाच आहे काय, हे पाहणे अगत्याचे ठरते.

मालकाने कामगारकपात केली, तर पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई त्याला द्यावी लागते. राजीनाम्यात 'स्वेच्छेने' एवढा एक शब्द लिहून घेतला, की ती टळते. पाच वर्षे भरली असतील तर उपदान तेवढे मिळते. मग हातचे काम काढून घेणे, चारचौघांत पाणउतारा करणे, भलत्याच वेळी बदली करणे, हे मार्ग सुचतात. धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने केलेली बदली १९८२ च्या दुरुस्तीने अनुचित प्रथांच्या यादीत घातली गेली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती तेथेच ठेवली आहे. इंग्लंडमध्ये तर मालकाने करार मुळातूनच मोडला असेल, तर असा राजीनामा बडतर्फीच समजतात. केवळ मालक कठोर वागला, एवढे मात्र तेथे पुरत नाही.

याचे बोलके उदाहरण कारखान्यातील नव्हे, खुद्द न्यायासनावरील आहे. २०१४ च्या जुलैत ग्वाल्हेरच्या एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांची मध्यसत्रात दूरच्या सीधी येथे बदली झाली. मुलीचे बारावीचे वर्ष होते. त्यांनी मुदत मागितली, ती नाकारली गेली; दुसऱ्या सोयीच्या गावांची नावे सुचविली, तीही नाकारली गेली. तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. तो स्वेच्छेचा मानता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२२ रोजी दिला. दोघांच्या त्या खंडपीठावर अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. साडेसात वर्षांनी पद परत मिळाले, मधल्या काळाचे वेतन मात्र नाही.

त्या न्यायाधीशांचे दोन्ही अर्ज लेखी होते, म्हणून ते न्यायालयापुढे ठेवता आले. साध्या कामगाराची विनवणी बहुधा तोंडी असते, नकारही तोंडीच मिळतो, आणि कागदावर उतरते ते शेवटी एकच वाक्य, त्याच्याच अक्षरात.