ऐकले म्हणून खरे नव्हे



युद्धात सैनिकांवर आरोप झाला की आपण एकतर लगेच मानतो, नाहीतर उडवून लावतो.

१९६८ मध्ये व्हिएतनामच्या माय लाई गावात अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र माणसे, लेकरेसुद्धा मारली. लष्कराने विजय सांगितला. रॉन रिडेनहाऊर या सैनिकाने सोबत्यांकडून ऐकले; १९६९ मध्ये पत्र लिहून चौकशी मागितली, अन् सत्य बाहेर आले.

उलट, १९९० मध्ये एका कुवेती मुलीने रडत सांगितले, इराकी सैनिकांनी इस्पितळातली तान्ही बाळे काचपेटीतून काढून फरशीवर टाकली. लोकांनी मानले. १९९२ मध्ये कळले, ती राजदूताचीच लेक. गोष्टीला पुरावा नव्हता.

ऐकीव म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे. पण न मानणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. पाहिले कोणी, सांगतो कोण, हे आपण विचारू या. चौकशीआधी निकाल नको, अन् चौकशी सोडायचीही नाही.

जयभीम!