बटण खटकन वर येतं तेव्हा

वाशीच्या घाऊक बाजारात कोलम, इंद्रायणी, आंबेमोहोर, उकडा असे किती तरी तांदूळ येतात. साध्या इलेक्ट्रिक राइस कुकरला मात्र बटण एकच. मग भात झाल्याचं त्याला कळतं कसं?

भांड्यात पाणी आहे तोवर बुडाचं तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं. तांदळानं पाणी शोषलं की तापमान वर चढू लागतं. ठरावीक तापमानाला बुडाला टेकलेल्या मधल्या चकतीतल्या चुंबकाची ओढ संपते आणि बटण खटकन वर येतं. किती साधी, किती हुशार रचना! म्हणूनच भांड्याचं बूड बाहेरून कोरडं पुसा. खाली एखादा दाणा अडकला तरी चकती नीट टेकत नाही, आणि भात बिघडतो.

ऐरोली-घणसोलीत एकट्यानं राहणाऱ्याला एक लिटरचा कुकर पुरे. चौघांच्या घराला १.८ लिटरचा घ्या. ७०० वॅटचा कुकर अर्धा तास चालला, तर फार तर ०.३५ युनिट वीज लागते. प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा.

खरी मेख पाण्यात. जुन्या कोलमला वाटीला दोन वाट्या. नव्या, चिकट इंद्रायणीला त्याहून कमी. उकडा आधी अर्धा तास भिजवा आणि पाणी अडीच-तीन वाट्या घाला. बटण वर आल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका, वाफेत भात मुरतो. तांदूळ मात्र वेगळ्या पातेल्यात धुवा. कुकरच्या भांड्याचा लेप जास्त टिकेल.