ज्योत विझल्यानंतरचा धोका
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय यांच्या पंक्तीला वेल्डिंगसारखा रुक्ष विषय बसविण्याचे धाडस आपल्या कार्यकारिणीने केले, याबद्दल मी तिचा आभारी आहे. ज्या पोलादनगरीत आपल्या वडीलधाऱ्यांनी बिऱ्हाडे थाटली, तेथे हा विषय परका नाही. शिवाय या वास्तूच्या विस्ताराचे काम ऐन पावसाळ्यात सुरू होत आहे. जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या, छपराच्या कैच्या जोडण्यासाठी वेल्डर आपल्या आवारात येतील. ते ठेकेदाराची माणसे असली, तरी त्यांना कामावर बोलावणारे आपणच आहोत.

वेल्डिंगचा धोका म्हटला की डोळ्यांपुढे तो निळसर लखलखाट उभा राहतो. त्या विद्युत्ज्योतीचे उष्णतामान सुमारे ६००० अंश सेल्सिअस असते. तिची धास्ती लहान मुलालाही वाटते, म्हणून तिच्यापुढे मनुष्य सावध असतो. मला लक्ष वेधावयाचे आहे ते ज्योत विझल्यानंतरच्या धोक्याकडे.

ज्योत चालू असताना होल्डर आणि जॉब यांमधील विद्युत्दाब साधारणतः २० ते ३० व्होल्ट असतो. ती विझताच तो ६० ते ८० व्होल्टांपर्यंत चढतो. नेमक्या याच क्षणी वेल्डर जळून संपलेला रॉड काढून नवा बसवितो, आणि पुष्कळदा तो उघड्या हाताने बसवितो. घरातल्या २३० व्होल्टांच्या मानाने ८० म्हणजे क्षुल्लक, हा समज येथे घातक ठरतो. कोरड्या त्वचेचा विद्युत्रोध हजारो ओहम असतो. घामाने वा पावसाने भिजलेल्या शरीराचा तो हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. ८० व्होल्टांना हजाराने भागा. शरीरातून ८० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. ए. सी. प्रवाह १० ते १५ मिलिअँपिअरच्या पुढे गेला की स्नायू आखडतात आणि हातातला होल्डर सोडता येत नाही. ५० च्या पुढे हृदयाची लय बिघडून प्राणावर बेतू शकते.

१९४८ च्या कारखाना कायद्यातील कलम ३६-अ या दृष्टीने मननीय होते. बंदिस्त टाकीत, पुरेशी संरक्षक योजना नसेल तर, २४ व्होल्टांहून अधिक दाबाचा हातदिवा नेण्यास त्याने मनाई केली होती. साध्या दिव्याबद्दल एवढी दक्षता, तर टाकीत शिरणाऱ्या होल्डरबद्दल किती हवी, याचा विचार आपणच करावा.

उपाय खर्चिक नाहीत. हातमोजे कोरडे असावेत आणि रॉड बदलताना ते काढू नयेत. होल्डर काखेत धरू नये. पायांखाली कोरडी फळी किंवा रबरी चटई असावी. सोललेली केबल चिंधी गुंडाळून वापरू नये, ती बदलावी. परतीच्या तारेचा क्लॅम्प जॉबवरच, जोडाच्या जवळ लावावा. पाण्याच्या नळाला किंवा इमारतीच्या सळईला लावल्यास प्रवाह भलत्या वाटेने जातो. पाऊस आला की उघड्यावरचे काम थांबवावे. विश्रांतीच्या वेळी यंत्र बंद करावे. ज्योत नसताना दाब आपोआप उतरविणारे उपकरण आता मिळते. दमट जागी त्याचा आग्रह धरावा. आणि कोणाला धक्का बसलाच, तर त्याला शिवण्यापूर्वी स्विच बंद करावा. श्वास थांबला असेल तर तात्काळ छाती दाबणे व कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करून डॉक्टरांना बोलवावे.

इतर दोन धोकेही असेच मागाहून प्रकट होतात. पहिला डोळ्यांचा. ज्योतीच्या अतिनील किरणांची बाधा त्या क्षणी जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू खुपल्यासारखी होते. वेल्डरपाशी काळी काच असते. रॉड देणारा हेल्पर आणि कुतूहलाने पाहणारी मुले मात्र उघड्या डोळ्यांनी उभी असतात. नेहमीच्या रॉडच्या कामासाठी १० ते १२ क्रमांकाची काच लागते. उन्हाचा चष्मा चालत नाही. डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवण्यात किंवा दूध घालण्यात वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा धुराचा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. तो एकदोन दिवसांत उतरतो, म्हणून दुर्लक्षिला जातो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराची गणना मनुष्यास निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या गटात केली. आपल्याकडे वेल्डरला गूळ देण्याची चाल आहे. गूळ अवश्य द्यावा. पण तो पोटात जातो, फुप्फुसांत नव्हे. तेथे मोकळी हवा, धूर ओढून घेणारा पंखा आणि योग्य मुखवटा यांचेच काम आहे. मुलामा जोडाच्या जागेपुरता आधी घासून काढावा.

आगीविषयीही एक वाक्य. ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडू शकतात. म्हणून पडदे, सतरंज्या आणि रंगाचे डबे आधीच हलवावेत, आणि काम संपल्यावर निदान तासभर कोणी तरी तेथे पहारा करावा.

आता एक विनंती. विस्ताराच्या कामाच्या करारात सिमेंट आणि लोखंडाच्या प्रतीबरोबर कोरडे हातमोजे, काळ्या काचा, पडदे आणि निर्दोष केबल यांचीही अट घालावी, आणि त्यांचा खर्च मंडळाने स्वतंत्रपणे मान्य करावा. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना तो दर कोणाच्या उघड्या हाताच्या भरवशावर कमी झाला आहे, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. या वास्तूवर देणगीदारांची नावे कोरली जातील. वेल्डरचे नाव कोठेच लागणार नाही. तो संध्याकाळी धडधाकट घरी परतावा, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.