आयरिश बटाट्याचे वाफे



आपल्याकडे सरी काढतात ती पिकाला पाणी द्यायला. आयर्लंडच्या पश्चिमेकडचा लहान शेतकरी सरी काढायचा ती पाणी घालवायला. मेयो, गॉलवे, डोनेगल या भागांत पाऊस सारखाच. जमीन ओली, दलदलीची. नांगर-घोडा परवडत नसे, नि चढावर तो चालतही नसे. त्याचं हत्यार एकच, लॉय. चिंचोळ्या पात्याचं, लांब दांड्याचं फावडं. पाय द्यायला टेकू, तोही एकाच बाजूला.

लागवड सुरू व्हायची ती १७ मार्चच्या, म्हणजे संत पॅट्रिकच्या सणाच्या आसपास. गवताळ जमिनीचा चार-पाच फुटी पट्टा न खणता तसाच ठेवायचा. त्यावर शेणखत पसरायचं, त्यावर बेणं मांडायचं. बेणं म्हणजे बटाट्याच्या फोडी, प्रत्येकीला एक तरी डोळा हवाच. मग शेजारच्या जमिनीतला गवताचा ढपला लॉयनं कापायचा, त्याची एक कड न तोडता, आणि तो पट्ट्यावर उलटा घालायचा. गवतावर गवत. दुसऱ्या बाजूनंही तसंच. आत गवत कुजून खत होतं, आणि ढपले निघाले तिथं आपोआप चर पडतो. कोंब वर आले की त्याच चरातली माती काढून भर द्यायची. चर आणखी खोल होतो, पाणी वाहून जातं.

पट्ट्याखालची जमीन खणावीच लागत नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना यात आळस दिसला. मला विचाराल तर हा पक्का हिशोब आहे!

याच पश्चिम किनाऱ्याजवळच्या अरन बेटांवर तर मातीच दुर्मीळ, सगळा चुनखडीचा उघडा खडक. लोकांनी खडकाच्या भेगा दगडगोट्यांनी बुजवल्या, वर वाळू आणि समुद्रातलं शेवाळ थराथरानं टाकलं आणि शेत तयार केलं. रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या १९३४च्या ‘मॅन ऑफ अरन’ या चित्रपटात ही खटपट पाहायला मिळते.

१८४५ साली करपा आला, तेव्हा मात्र या कसबाचा इलाज चालला नाही. रोग वाऱ्यावरून येई, आणि गरिबांच्या शेतात बहुतेक ‘लंपर’ हा एकच वाण. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि साथींनी गेली. मोरचूद आणि धुण्याचा सोडा पाण्यात कालवून फवारायची युक्ती सापडायला शतकाची अखेर उजाडली.

आता मोठी शेती यंत्रावर गेली. तरी पडीक गवताळ तुकडा पहिल्यांदा लागवडीखाली आणायचा असेल, तर परसबागेत हीच पद्धत वापरणारे आजही आहेत. दुसऱ्या वर्षी तिथली जमीन भुसभुशीत झालेली असते.