विद्येसाठी परमुलखात : खाणे, राहणे आणि परत येणे

[एका खेड्यात शाळेच्या पटांगणावर भरलेल्या रात्रीच्या सभेत गावच्या शाळामास्तरांनी केलेले भाषण. शेतकरी व कारागीर घरांच्या उपयोगी पडेल म्हणून ते येथे देत आहो.]



मी वक्ता नव्हे. ट्रेनिंग झाल्यापासून पोरांना पाढे व बाराखडी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. समुद्र म्हणाल तर शाळेच्या सहलीबरोबर एकदा पाहिला, तोही किनाऱ्यावरून. असे असता परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या राहणीवर मी बोलावे हे थोडे चमत्कारिकच आहे. पण प्रसंग तसा आला आहे.

आपल्या गावच्या सुतारआळीतील एका मुलीस परदेशच्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचे पत्र आले आहे, हे आपण जाणताच. पोरगी याच शाळेत माझ्या हाताखाली शिकली. तिचे वडील, आपले तात्या, परवा माझ्याकडे आले. बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "गुरुजी, मला तीन गोष्टी सांगा. तिथं पोर खाणार काय? राहणार कुठं? आणि शिकून झाल्यावर ती आपली म्हणून परत येणार का?" मंडळी, हे तीन प्रश्न पुष्कळ शहाण्यांच्या व्याख्यानांपेक्षा मोलाचे आहेत. त्यांचे उत्तर मी माझ्या पदरचे देणार नाही. ज्या पुरुषाने ही वाट आपल्या आधी तुडवली, त्यांच्या विद्यार्थिदशेची हकीकत सांगतो. ते पुरुष म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या घटनेबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. आज मला त्यांच्या जेवणाबद्दल, खोलीबद्दल आणि पैशाअडक्याबद्दल बोलावयाचे आहे.

भीमराव १८९१ साली महू येथे जन्मले. वडील रामजी सकपाळ पलटणीत सुभेदार होते व पलटणीच्या शाळेत शिक्षकही होते. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. घरचा आधार तुटला. अशा वेळी बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांस अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. रक्कम महिना साडेअकरा पौंड. आणि करार असा की, शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करावी.

आता हिशेब करू. त्या काळी एका पौंडाचे पंधरा रुपये होत. म्हणजे महिन्यास पावणेदोनशेच्या आत. येथे ती रक्कम मोठी दिसे. पण तिकडे तिचे डॉलर होत सुमारे छप्पन्न. रोजचा एकच डॉलर पोटावर घातला तरी महिन्याचे तीस गेले. उरलेल्यात कपडा, पुस्तके, थंडीचा कोट, आणि त्यातूनच घरी मुंबईस पाठवावयाचे. कारण घरी रमाबाई होत्या, लहानगा यशवंत होता, भावाचे कुटुंब होते. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे पोराची चैन झाली असे ज्यांना वाटते, त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

१९१३ च्या जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले. वय बावीस. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात पहिले काही दिवस काढले. तिथले अन्न त्यांच्या घशाखाली उतरेना. पदार्थ अर्धेकच्चे, आणि बहुतेक गोमांसाचे. म्हणून ते हिंदी विद्यार्थी राहत त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना नावाचे एक पारशी तरुण त्यांचे सोबती झाले. ही मैत्री जन्मभर टिकली. तात्या, पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आले. पहिले चार-आठ दिवस अन्न रुचत नाही, जागा परकी वाटते. मग आपल्या मुलखाची माणसे भेटतात, जागा बदलता येते, जीव रुळतो.

चरित्रकार आणखी एक गोष्ट लपवून ठेवीत नाहीत, ती मलाही लपवावयाची नाही. आरंभीचे काही महिने भीमरावांचे मन अभ्यासात पुरते लागले नव्हते. नवे शहर, नाटके, खेळ, सोबत्यांच्या गप्पा. बावीस वर्षांच्या तरुणाचे जे व्हावयाचे तेच झाले. मग त्यांनी स्वतःलाच विचारले की, आपण येथे कशासाठी आलो, घरची माणसे कशी दिवस काढीत असतील. त्यानंतर मात्र ते पुस्तकांतून वर आले नाहीत. दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास चाले असे सांगतात. आईबापांनी हे ध्यानात धरावे. पोर तिकडे गेल्यावर दोन-चार महिने डळमळले तर ते बिघडले असे समजू नये. शिव्याशाप न देता घरची खुशाली कळवीत राहावे.

मला या हकीकतीत एक आश्चर्य वाटते. अस्पृश्य मानलेल्या घरातला हा मुलगा. शाळेत बसावयास गोणपाट घरून न्यावे लागे, आणि शिपाई नसला तर तहानेल्याने राहावे लागे, कारण नळाला स्वतः हात लावावयाची मनाई. तोच मुलगा न्यूयॉर्कमध्ये सर्वांबरोबर एका मेजावर जेवतो, एका बाकावर बसतो. सेलिग्मन यांजकडे अर्थशास्त्र शिकतो, जॉन ड्युई यांजकडे तत्त्वज्ञान. कोणी जात विचारीत नाही. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी हिंदुस्थानातील जातींची घडण आणि उगम यांवर निबंध वाचला. ज्या गोष्टीने घरी पाणी तोडले होते, तिचीच नाडी त्यांनी सातासमुद्रापार बसून तपासली. तत्पूर्वी १९१५ साली एम. ए. झालेच होते.

न्यूयॉर्कहूनच त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यास पत्र लिहिले होते. त्यातला आशय असा की, आईबाप जन्माचे सोबती, कर्माचे नव्हेत, ही समजूत आपण टाकली पाहिजे. मुलांचे भवितव्य घडवणे आईबापांच्या हाती आहे. आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती पुष्कळ लवकर होईल. हे शंभरावर वर्षांपूर्वीचे पत्र आहे. पोरगी आहे, कशाला इतक्या लांब पाठवता, असे कालच आपल्या पारावर कोणी म्हणाले. त्यांचे नाव मी घेत नाही, त्यांनी हे पत्र ऐकले म्हणजे झाले.

आता राहण्याचा प्रश्न. १९१६ साली भीमराव लंडनला गेले. तिथल्या अर्थशास्त्राच्या शाळेत आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन येथे नाव घातले. तेव्हा महायुद्ध चालू होते. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याचे बोलावणे आले. पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची चार वर्षांची सवलत विद्यापीठाकडून मागून घेऊन १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईस परतले. स्वतः सुखरूप आले. पण ज्या बोटीवर त्यांचे सामान होते ती युद्धात बुडवली गेली. पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तके समुद्रात गेली. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, तीच बडोद्याच्या प्रवासखर्चाला लागली. करार पाळावयाचा होता आणि हातात पैसा नव्हता, अशी ती स्थिती.

१९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांस प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार साडेचारशे. पण राहणे परळच्या चाळीतच. काटकसर करून पैसा साठवला. नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी मदत केली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

ही दुसरी खेप फार कष्टाची होती. घरमालकीण करडी. सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि चहा. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडताच आत जावे आणि बंद होताना बाहेर पडावे, असा क्रम. रात्री पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास भूक अनावर होई. ओळखीच्या एका गृहस्थाने पापडांचे पुडके दिले होते. त्यांतले चार पापड पत्र्यावर भाजावे, वर कपभर दूध प्यावे आणि पुन्हा दिव्याखाली बसावे. खोलीतला सोबती म्हणे, आता निजा. ते म्हणत, जेवायला पैसा नाही आणि निजायला वेळ नाही. मायबहिणींनो, आपण उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घालतो, त्या पापडांनी लंडनात एका विद्वानाची रात्र काढून दिली आहे. तेव्हा तात्या, पोरीच्या पेटीत काय द्यावे हा विचार कारभारणीवर सोपवा. तिला ते बरोबर कळते.

बॅरिस्टरीच्या अभ्यासात एक गंमत आहे. परीक्षा तर द्यावीच लागे, पण इनच्या भोजनगृहात ठरलेल्या संख्येने जेवणेही घ्यावी लागत. ती भरली नाहीत तर सनद नाही. एरवी उपाशी राहणाऱ्या या विद्यार्थ्यास कायद्याने जेवावे लागे, असे माझ्या मनात येऊन हसू येते.

१९२१ साली एम. एस्सी. झाली. १९२२ साली बॅरिस्टर झाले. मधे जर्मनीत बॉन येथेही शिकावयास जाऊन आले. डॉक्टरीसाठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणा म्हणून सांगितले. पैसा संपला होता. १९२३ च्या एप्रिलात ते मुंबईस परतले, येथे बसून दुरुस्ती केली, प्रबंध परत पाठवला आणि वर्षअखेर पदवी मिळाली. तो ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस वाहिला आणि १९२५ साली निघालेला दुसरा ग्रंथ सयाजीराव महाराजांस. किंग हेन्री रोडवरील ज्या घरात ते काही काळ राहिले, ते १९२१-२२ सालचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. तेथे आज त्यांचे स्मारक आहे.

आता तिसरा प्रश्न. शिकून झाल्यावर पोर आपले म्हणून परत येते का? येथे मला मागे वळून १९१७ साली जावे लागेल.

भीमराव परत आले होते. करार पाळावयास बडोद्यास गेले. पण त्या शहरात त्यांस राहावयास घर मिळेना. पाच वर्षे परदेशी काढल्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. स्टेशनावर उतरल्यावर ती परत आली. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून दीड रुपया रोजाने ते राहिले. दिवसा कचेरीत जावे, रात्री त्या ओसाड, अंधाऱ्या जागेत पुस्तक वाचीत बसावे. कचेरीतले शिपाई कागद हातात न देता दुरून टाकीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे राहिले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडा म्हणाले. एक हिंदू स्नेही आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांकडे आसरा मागितला. दोघांनीही गोड शब्दांत अंग काढून घेतले. मग हा कोलंबियाचा एम. ए. शहरातल्या बागेत जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस निघून आला.

बंधूंनो, न्यूयॉर्कने जागा दिली, लंडनने अर्धपोटी का होईना जागा दिली. जागा दिली नाही ती आपण. महाराजांनी पैसा दिला, पण महाराजांच्या शहराने खोली दिली नाही. म्हणून तात्यांचा प्रश्न मी त्यांच्याकडून काढून घेऊन या सभेपुढे ठेवतो. पोर परत येईल का, हे तिला काय विचारता? ती परत आली तर आपण तिला कसे घेणार, हे आधी सांगा. ती चार गोष्टी वेगळ्या बोलेल, वेगळ्या रीतीने वागेल. कोणाच्या हातचे खाल्ले, कोणाबरोबर राहिली, लग्न कधी, अशा चौकशांनी आपण तिला भाजून काढणार असू तर ती पुण्यामुंबईसही थांबणार नाही. अस्पृश्यता १९५० साली घटनेने बंद केली, पण भाड्याची खोली दाखवण्याआधी आडनाव विचारणारी घरे आजही आहेत. हे आपण सगळे जाणतो.

आता कामाचे बोलतो. तात्यांनी अर्धा एकर विकावयाचे मनात आणले आहे. माझे सांगणे, आधी विकू नये. आज परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, इतर मागासवर्गीयांसाठीही योजना आहेत. अटी, वयोमर्यादा व मुदत वेळोवेळी बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता जिल्ह्याच्या कचेरीत समक्ष जाऊन विचारावे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रके आजच गोळा करावी. कागदाअभावी मुदत गेली असे मी दोन मुलांच्या बाबतीत पाहिले आहे, आणि त्यांतला एक दोष माझा होता. मी वेळेवर विचारले नाही. सावकाराचे कर्ज काढावयाचे नाही. बँकेचे काढावे लागले तर व्याज कधी सुरू होते आणि हप्ता किती, हे वाचून मग सही करावी.

शिष्यवृत्ती मिळाली तरी पासपोर्ट, व्हिसा, पहिले तिकीट, गरम कपडे हा खर्च आधी पडतो. त्यासाठी माझी सूचना अशी की, सुगीला घरटी पायली धान्य शाळेत जमा करावे. त्याचा हिशेब फळ्यावर रोज लिहिला जाईल. मुष्टिफंडाची रीत आपल्या मुलखाला नवी नाही. माझी पायली मी आजच आणून ठेवली आहे. आणि मंगळवारी सकाळच्या एस. टी. ने तात्या, पोरगी आणि मी जिल्ह्याच्या गावी जाणार आहोत. आणखी कोणाच्या मुलामुलीस विचारावयाचे असेल त्यांनी दाखले घेऊन बरोबर यावे.