यंत्रपुरुष आणि माणसाचे काम



यंत्र माणसाचे काम हिरावून घेईल काय, हा प्रश्न ज्यांची मुले कारखान्यात, बँकेत किंवा वृत्तपत्रात नोकरीस आहेत, त्यांना आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. ‘रोबोट’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ वेठ असा आहे. यंत्रपुरुषाची कल्पना मात्र आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुनी आहे.

धारानगरीच्या भोजराजाचा अकराव्या शतकातील ‘समराङ्गणसूत्रधार’ हा ग्रंथ महामहोपाध्याय गणपतिशास्त्री यांनी संपादित केला व तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील यंत्रविधानाच्या अध्यायात दिव्यात तेल घालणाऱ्या, नृत्य करणाऱ्या, द्वारावर पहारा देणाऱ्या कृत्रिम आकृती वर्णिल्या आहेत. त्यांची घडण मात्र भोजाने सांगितलेली नाही. ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी सांगितली नाही, असे तो स्वतःच नमूद करतो. विद्वज्जन या उक्तीचे कौतुक करतात. तिच्याकडे किंचित सावधपणेही पाहिले पाहिजे. कारण यंत्राचे गुपित ज्याच्या मुठीत, त्याच्याच मुठीत खऱ्या पहारेकऱ्याची भाकरीही जाते.

संस्कृत शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या पुस्तकांवर वाढल्या. त्यांतील जोडाक्षर न् जोडाक्षर कोणा जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून बसविलेले असे. पुस्तकावर त्याचे नाव नसे. पुढे संगणक आला आणि जगभर हा व्यवसायच मावळला.

तो कसा मावळला, हे पाहण्याजोगे आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली तेथील जुळाऱ्यांच्या संघटनेने दोन मोठ्या वृत्तपत्रांशी करार केला : मालकांनी नवी यंत्रे खुशाल आणावीत, मात्र कायम कामगारांची नोकरी आयुष्यभर अबाधित राहील. १९७८ च्या जुलैत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा शिशाच्या अक्षरांतील शेवटचा अंक निघाला आणि तीच माणसे नव्या पद्धतीचे काम करू लागली. उलट लंडनमध्ये १९८६ साली, वॉपिंग येथे एका वृत्तपत्रसमूहाने नवा छापखाना सुरू केला, तेव्हा संपावर गेलेल्या सुमारे सहा हजार कामगारांना बडतर्फ करण्यात आले. वर्षभर चाललेला तो लढा व्यर्थ गेला. तंत्र जवळजवळ एकच, कामगारांचे दैव मात्र निराळे! न्यूयॉर्कच्या करारानेही माणसे वाचविली, विद्या वाचविली नाही, हे खरे. तरी म्हातारपणी पोटाची चिंता वाहावी लागू नये, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता पाळी अक्षरे जुळविणाऱ्याची नसून ती लिहिणाऱ्याची, वाचणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आले, तेव्हापासून भाषांतरकार, लेखनिक आणि मुद्रितशोधक यांच्या दारात हा प्रश्न उभा आहे. अमेरिकेतील चित्रपटलेखकांनी २०२३ साली १४८ दिवस संप केला आणि यंत्राला लेखक मानले जाणार नाही, यंत्र वापरण्याची सक्तीही लेखकावर होणार नाही, असे करारात लिहून घेतले. त्यांच्या पाठीशी संघटना होती. घरी बसून पृष्ठामागे चार पैसे घेऊन भाषांतर करणाऱ्याने संप करावा तरी कोणाविरुद्ध?