जोखमीची गर्भावस्था : घराने करावयाची तजवीज



इ. स. १६३१ च्या जून महिन्याच्या १७ तारखेस, आपल्या याच बुऱ्हाणपुरात, बादशाही मुक्काम असताना, अडतीस वर्षांची एक स्त्री आपल्या चौदाव्या अपत्यास जन्म देऊन मरण पावली. तिचे माहेरचे नाव अर्जुमंद बानू. जग तिला मुमताज महल या नावाने ओळखते. तिच्या थडग्यावर आजवर इतके लिहिले गेले आहे की तिच्या मृत्यूकडे त्या संगमरवराआडून कोणी फारसे पाहिलेच नाही. राजपुऱ्यातील या सभेत मला बोलावयाचे आहे ते त्या मृत्यूविषयी, आणि ज्या कारणाने तो ओढवला असावा ते कारण आजही ज्या घरांच्या उंबरठ्याशी उभे असते त्या घरांविषयी.

खानजहान लोदीचे बंड मोडावे आणि निजामशाहीस वेसण घालावी या हेतूने शाहजहानाने १६३० साली आपला तळ येथे हलविला, तेव्हा पूर्वीच्या बहुतेक मोहिमांप्रमाणे मुमताजही त्याच्यासमवेत होती. १६१२ मध्ये विवाह झाल्यापासून एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणे. त्यांपैकी औरंगजेबाचे दाहोदला, मुरादचे पतीच्या बंडखोरीच्या धामधुमीत रोहतासच्या किल्ल्यात. आणि चौदांपैकी सात मुले तेवढी जगली. अखेरच्या बाळंतपणात ती सुमारे तीस तास कळा सोशीत होती असे सांगितले जाते. गौहर-आरा नावाची ती मुलगी वाचली आणि पुढे म्हातारी होऊन मरण पावली. आई मात्र गेली. तिचा देह तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत ठेवला होता, आणि डिसेंबरात तो आग्र्याकडे नेण्यात आला. प्रसूतीनंतरच्या अनावर रक्तस्रावाने हा मृत्यू झाला असावा, असा आजच्या वैद्यांचा तर्क आहे.

आता त्या मुक्कामात काय उणे होते याचा विचार करा. हकीम होते. वजीरखानासारखा नामांकित वैद्य पदरी होता, सती-उन्-निसासारखी विदुषी परिचारिका उशाशी होती, खजिना होता, आणि पत्नीवर निरतिशय प्रेम असणारा पती त्याच वास्तूत होता. ज्या वर्षी दख्खनेत आणि गुजरातेत दुष्काळाने रयत अन्नान्न करीत मरत होती, त्या वर्षी या एका स्त्रीला हिंदुस्थानात मिळू शकेल ते सर्व मिळत होते. नव्हते ते एवढेच, की पस्तिशी उलटलेल्या आणि लागोपाठ बाळंतपणांनी थकलेल्या शरीराला हे बाळंतपण आधीच्या तेरांहून वेगळे जाईल, हे आधी ओळखून त्याचा बंदोबस्त करण्याची विद्या. वार सुटून आल्यानंतर गर्भाशयाचे स्नायू मुठीसारखे आवळले जातात आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात. पण अनेक बाळंतपणे झालेले किंवा दीर्घ कळांनी शिणलेले गर्भाशय कधी कधी आवळतच नाही. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते, एवढे सांगितले म्हणजे अशा वेळी दोन तासांत सारा खेळ का आटोपतो हे निराळे सांगावयास नको.

ही विद्या पुढे आली ती पुष्कळांच्या हातून, आणि तिच्यातील दोन हात आपल्या भागाशी इतके निगडित आहेत की त्यांच्यापाशी थोडे थांबणे मला अगत्याचे वाटते.

पहिला हात ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषीचा. १९२८ साली त्या मुंबईस आल्या आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा छडा लावण्यास बसल्या. या बायका पोटुशी असताना पांढऱ्याफटक पडत, धापा टाकीत, आणि बाळंतपणात किंवा नंतर दगावत. बाईंनी जंतूंचा संशय घेऊन पाहिला, आणि अखेरीस त्या बायकांच्या ताटाकडे वळल्या. यीस्टच्या अर्काने हा पांडुरोग बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये, मुमताजच्या मृत्यूस बरोबर तीनशे वर्षे होत असताना, प्रसिद्ध केले. त्या अर्कातील जे द्रव्य काम करीत होते ते आज आपण फॉलिक ॲसिड म्हणून ओळखतो, आणि आशा कार्यकर्त्या, म्हणजे आपल्या आशाताई, दारोदार ज्या लोहाच्या गोळ्या वाटतात त्यांत तेही असते. आपल्या शहरात यंत्रमागांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या घरांतून ती गोळी 'मळमळते' म्हणून खिडकीत पडून राहते, तेव्हा ती आपल्यासारख्याच कापडाच्या धंद्यातील बायकांच्या दुखण्यातून निर्माण झाली आहे हे कोणाच्या गावी नसते.

दुसरा हात डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांचा. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेल्या या शल्यविशारदाने मुंबईत काम करताना एका विशिष्ट दुःखाचे मूळ शोधले. काही स्त्रियांचे गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळांवाचून, अकस्मात निसटतात, कारण गर्भाशयाचे मुख भार न पेलवून उघडते. शिरोडकरांनी रुग्णेच्याच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी काढून ते मुख बांधण्याची शस्त्रक्रिया बसविली आणि १९५५ साली ती जगापुढे मांडली; आज तिच्यात फरक झाले असले तरी 'शिरोडकर टाका' हे नाव जगभरच्या प्रसूतिगृहांत घेतले जाते. मला या शोधाचे मोल केवळ वाचलेल्या बालकांत दिसत नाही. ज्या स्त्रीची तीन-तीन वेळा कूस रिती झाली, जिला घरीदारी अवलक्षणी म्हणून हिणवले गेले, जिच्या चालण्यावर, खाण्यावर, ग्रहणात भाजी चिरण्यावर खापर फोडले गेले, तिला एका मराठी डॉक्टराने सांगितले की बाई, तुझा काही अपराध नाही, तुझ्या गर्भाशयाचे मुख दुबळे आहे आणि ते बांधता येते. अपराधाचे ओझे उतरविणे हेही औषधच आहे.

कारण जोखमीची गर्भावस्था हे प्रथमतः एका दांपत्याचे भय असते. सरकारी दवाखान्यातून जोखमीची खूण म्हणून लाल चिकटपट्टी लावलेले कार्ड घेऊन नवराबायको बाहेर पडतात, त्या घटकेचा विचार आपण करीत नाही. डॉक्टरांनी रक्तदाब १४० वर ९० च्या पुढे गेल्याचे सांगितलेले असते, किंवा हिमोग्लोबिन सातच्या खाली असल्याचे, किंवा वार खाली सरकल्याचे, किंवा पोटात जुळे असल्याचे. या दोघांना त्यातून एकच गोष्ट ऐकू आलेली असते, की काहीतरी वाईट होणार आहे. घरी गेल्यावर सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असले काही नव्हते. शेजारीण म्हणते, डॉक्टर पैशासाठी भिववितात. ओटीभरणाची तयारी चाललेली असते, आणि ती स्त्री हिरव्या साडीत बसून बाळाची हालचाल मोजीत असते, पण ते कोणाला सांगत नाही, कारण शुभकार्यात अशुभ बोलू नये. नवरा रात्री जागा असतो, तोही सांगत नाही, कारण पुरुषाने खचू नये. एकाच खोलीत दोघे आपापले भय वेगवेगळे वाहतात. या मौनाइतकी अपायकारक गोष्ट या सबंध प्रकरणात दुसरी नाही असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या लक्षणाची वाच्यता होत नाही त्याच्यावर इलाज होत नाही. चेहऱ्यावर आलेली सूज, न थांबणारे डोके, डोळ्यांपुढची अंधारी, बरगडीखालची कळ, मंदावलेली हालचाल, कपड्यावरचा रक्ताचा डाग, यांतले काहीही तिने पहाटे तीन वाजता सांगितले तरी ते ऐकून ताबडतोब उठणारे माणूस घरात हवे, आणि ते माणूस प्रथम तिचा नवरा असावा.

आपला मुलूख या बाबतीत सुस्थितीत नाही. नमुना नोंदणीच्या २०१८ ते २०२० च्या आकड्यांनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू महाराष्ट्रात ३३ आणि मध्य प्रदेशात १७३ होते. सबंध देशाचे प्रमाण ९७. येथून महाराष्ट्रातल्या रावेरचे अंतर किती, आणि या दोन आकड्यांतले अंतर किती! खकनार, नेपानगरकडच्या सातपुड्याच्या कुशीतील कोरकू, बारेला, भिलाला वस्त्यांतून पांडुरोग आहे, सिकलसेल आहे, आणि पावसाळ्यात वाट तुटते. १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी मातामृत्यूमागील दिरंगाईचे तीन टप्पे दाखविले: दवाखान्यात जावे हे ठरविण्यातील, तेथे पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील. तिसरीचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे आणि आपण तो नेटाने विचारू. दुसरीत सरकार आणि समाज दोघेही भागीदार आहेत. पहिली मात्र सर्वस्वी घरातली आहे. मोठा भाऊ शेतावरून येईपर्यंत, सासऱ्यांचा होकार मिळेपर्यंत, रात्र सरेपर्यंत थांबण्यात जे तास जातात ते कोणाच्याही दप्तरात नोंदले जात नाहीत.

म्हणून सातव्या महिन्यातच घराने काही गोष्टींचा निकाल लावून ठेवावा. अडचणीच्या वेळी कोणाला न विचारता निघण्याचा अखत्यार कोणाचा, हे सर्वांसमक्ष ठरवावे, आणि त्या स्त्रीचे स्वतःचे म्हणणे त्यात अग्रभागी असावे. १०८ ची गाडी उशिरा आली तर कोणाची गाडी निघेल, हे त्या गाडीवाल्याला आगाऊ सांगून ठेवावे. तिचा रक्तगट कार्डावर लिहिलेला असावा, आणि दोन-तीन नातेवाइकांनी रक्तपेढीत जाऊन यावे. येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: नवऱ्याचे रक्त शक्यतो बायकोला चढवीत नाहीत, कारण तिच्या शरीरात त्याविरुद्ध द्रव्ये तयार होऊन पुढच्या गर्भाला बाधा होऊ शकते; त्याने रक्त जरूर द्यावे, पण ते पेढीच्या साठ्यात जावे आणि तिला दुसऱ्याचे मिळावे. दर महिन्याच्या ९ तारखेस, २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, डॉक्टरकडून विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशी मागावरची पाळी किंवा केळीच्या बागेतले काम सोडून नवऱ्याने सोबत जावे, आणि बाहेरच्या बाकावर न बसता, परवानगी मिळाल्यास आत जाऊन ऐकावे. दोघांनी ऐकलेले एकाने ऐकलेल्यापेक्षा अधिक लक्षात राहते, आणि मुख्य म्हणजे त्यानंतर घरी समजावून सांगण्याचा भार तिच्या एकटीवर पडत नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्या बुऱ्हाणपूरकरांची. आपल्या निम्म्या सोयरिकी खानदेशात. पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे मुलगी आठव्या-नवव्या महिन्यात रावेरला, भुसावळला, जळगावला जाते. रिवाजात माया आहे आणि मी त्याच्या विरुद्ध नाही. पण जोखमीच्या गर्भावस्थेत हा प्रवास म्हणजे एका राज्याच्या दप्तरातून नाव निघून दुसऱ्या राज्याच्या दप्तरात ते पडेपर्यंतचा काळ असतो, आणि नेमक्या त्या पंधरवड्यात रक्तदाब तपासणारे कोणी नसते. इकडच्या आशाताईला वाटते ती गेली, तिकडच्या ताईला ती आल्याचे ठाऊक नसते. तेव्हा पाठवणीच्या सामानात लुगडे-चोळी आणि डिंकाच्या लाडवांच्याही आधी तिचे कार्ड, सोनोग्राफीचे सर्व कागद आणि चालू औषधांची चिठ्ठी जावी. माहेरच्यांनी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे नाव तिकडच्या दवाखान्यात दाखल करावे. आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हटले तर माहेरच्या आईने इकडे यावे, यात कोणाचाही मानपान आड येऊ नये.

विद्या आता पुष्कळ पुढे गेली आहे. मूल जन्मताच ऑक्सिटोसिनची सुई देऊन गर्भाशय आवळवितात. वाढलेल्या रक्तदाबाने येणाऱ्या झटक्यांच्या धोक्यावर मॅग्नेशियम सल्फेट आहे. रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत ट्रॅनेक्सामिक ॲसिड दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात हे २०१७ साली मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले. पण या प्रत्येक औषधाला बाई दवाखान्यात असावी लागते. चार मुले सुखरूप घरी झाली म्हणून पाचवे घरी करू, हे गणित उलटे आहे. पाचव्यापासून पुढे तर धोका चढत जातो.

शेवटची सूचना बारशाच्या आधीच्या दिवसांविषयी. मूल रडले, पेढे वाटले गेले, की घराचे लक्ष पाळण्याकडे वळते आणि बाळंतिणीची तपासणी थांबते. रक्तदाबाचे झटके प्रसूतीनंतरही येतात, विशेषतः पहिल्या आठवड्यात, आणि सहा आठवड्यांपर्यंत दक्ष राहावे लागते. शेक-शेगडी, बाळंतकाढा यांत मग्न असलेल्या घराला तिची डोकेदुखी जागरणाची वाटते. जिच्या कार्डावर लाल पट्टी होती तिचा रक्तदाब घरी परतल्यानंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मोजवून घ्यावा, रक्तस्राव पुन्हा वाढला किंवा ताप चढला तर सुवेर संपण्याची वाट न पाहता निघावे, आणि ती सारखी रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडे पाहत नसेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. या सभेनंतर आशाताई येथेच थांबणार आहेत. ज्यांच्या घरी कोणी गरोदर आहे त्यांनी, पुरुषांनीही, जाण्यापूर्वी त्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा.